वहिनीने न केलेली सही

माझी वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, गेली एकतीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत बसून रक्ताचे ठिपके मोजते. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नर्स का?" नर्स नाही. "मग डॉक्टर?" डॉक्टरही नाही. मग समोरच्याचा चेहरा असा होतो की, अगं मग राहिलंच काय! खोटं कशाला बोलू, सुरुवातीला माझाही चेहरा तसाच व्हायचा. दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी आईला म्हटलं होतं, "नळ्या धुणारी आणतोय दादा." भिंतींना कान असतात, ते वहिनीपर्यंत पोचलंच. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "वन्सं, नळ्या नीट धुणं फार अवघड असतं. एकदा येऊन बघा." चिडली असती तर बरं झालं असतं. मला भांडायला माणूस लागतं आणि ही बाई भांडतच नाही.

मी कपडे शिवते. बँकेच्या शेजारी, चार पायऱ्या चढून डाव्या हाताला माझं दुकान आहे. दोन मशिनी, बेतायचं एक लांब टेबल, आणि गिऱ्हाइकाने फार वेळ बसू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं एक डुगडुगतं स्टूल. माझी जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात आणि तरी परत येतात, कारण माझ्या हातची बाही कधी खांद्यात ओढत नाही. फक्त एक आहे, मला थांबणं जमत नाही. काम आज म्हणजे आत्ता. वहिनीची गत अगदी उलटी. तिला विचारा, "बाहेर ऊन आहे का गं?" तर ती आधी दोन्ही खिडक्यांतून बघून येईल आणि मग म्हणेल, "पुढच्या बाजूला आहे."

तिचं काम नेमकं काय ते मला कळलं त्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, माझ्याच बेतायच्या टेबलाशी. ती ब्लाउज अल्टर करायला आली होती. मी म्हटलं, "एकदा सांगच, दिवसभर तिथे करतेस काय?" तिने चिंधीवर टाचलेलं एक बटण उचललं.

"हे बटण म्हणजे एक रंग समजा. कापडाला शिवलेला आहे तोवर तो चमकत नाही. अंगात एन्झाइम असतात, ती कात्री समजा. प्रत्येक कात्री ठरलेला एकच टाका कापते, दुसऱ्या टाक्याला हात लावत नाही. मी रक्ताच्या ठिपक्यावर हा शिवलेला रंग घालते आणि वाट बघते. कात्री असली तर टाका तुटतो, रंग सुटतो आणि खास दिव्याखाली निळा चमकतो. जितकी कात्री चालली तितकं निळं. कात्रीच नसली तर अंधार."

"आणि हे निळं किती ते तू डोळ्यांनी मोजतेस?"

"मशीन मोजतं."

"मग तुझी गरज काय?"

"मशीन आकडा सांगतं, वन्सं. तो खरा आहे का ते मी सांगते."

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी टोमणा न मारता तिचा ब्लाउज उसवायला घेतला. माझ्या बाबतीत ही नोंद ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

त्यानंतर मात्र मी तिच्याकडे नीट बघायला लागले. तिचा तो प्रयोगशाळेचा पांढरा कोट ती घरच्या कपड्यांत कधी धूत नाही. वेगळा, साध्या साबणाने, स्वतःच्या हाताने. मला वाटायचं, काय हा मेला नखरा! मग तिने सांगितलं की धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे घालतात तेही त्या दिव्याखाली निळंच चमकतं. एकदा कुणाच्या तरी शर्टाचा एक धागा प्लेटच्या रिकाम्या खळग्यात पडला. प्लेट म्हणजे तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यात शहाण्णव बारके खळगे. रिकाम्या खळग्यात अंधार हवा, तर तिथे उजेड! सगळे मशिनीला शिव्या घालत होते. वहिनीने चिमटा घेऊन तो धागा काढला आणि म्हणाली, "हा सुती आहे. इथे आज सुती शर्ट कुणी घातलाय?" तेव्हापासून तिथली माणसं तिला दबून असतात.

पण ती जन्मतःच अशी शहाणी नव्हती बरं का. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या हातून जे झालं ते ती स्वतःच सगळ्या नव्यांना सांगते. हा चमकणारा रंग मोठा लहरी आहे. कात्री चालते आंबट द्रावणात, आणि रंग नीट चमकतो आंबटपणा मारल्यावर. म्हणून शेवटी प्रत्येक खळग्यात एक खारट-तुरट द्रावण घालायचं असतं. त्या दिवशी वहिनीने एक ओळ सोडली. एक अख्खी ओळ! बारा खळगे अंधारे, म्हणजे बारा माणसं आजारी. तिने ते बारा आकडे सुबक अक्षरात लिहून वरच्या बाईंपुढे ठेवले. बाईंनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "बाराही लोक ओळीने उभे राहून आजारी पडले का गं?" वहिनी म्हणते, त्या दिवशी जमीन दुभंगती तर मी खाली गेले असते.

तेव्हापासून तिने एक रीत पाडली. कुठल्याही रक्ताची एकच कात्री मोजायची नाही. जिच्यावर संशय आहे ती मोजायची आणि सोबत दुसरी एक, जिचा त्या आजाराशी काही संबंध नाही अशी, तीही मोजायची. पहिली अंधारी आणि दुसरी उजळ, तर आजार खरा. दोन्ही अंधाऱ्या, तर माणूस नाही, रक्ताचा ठिपका बिघडलाय. हा दुसरा रंग महाग येतो, दुप्पट वेळ जातो, म्हणून तिचे साहेब वर्षानुवर्षं कुरकुरत आले. "दर वेळी कशाला? संशय आला तर करा ना." वहिनीचं उत्तर ठरलेलं. "साहेब, चुकलेल्या माणसाला संशय येत असता तर तो चुकला कशाला असता?"

आता माझ्या घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझ्या मुलाला थोरली मुलगी आहे, साडेसहा वर्षांची. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो. सगळ्यांच्या चुका काढायच्या हा तिचा धंदा, आणि गुण कुणाचे ते विचारू नका. चौथ्या वर्षी ती जिना चढताना थांबायला लागली. बोटं आखडायची, पोट पुढे यायचं. सहा डॉक्टर झाले. शेवटी रक्ताचा ठिपका वहिनीच्या प्रयोगशाळेत गेला आणि कळलं की तिच्या अंगात एक कात्रीच नाही. जे कापून टाकायचं ते कापलं जात नाही आणि हाडांत, सांध्यांत साठत राहतं. आई आणि बाप दोघांकडूनही तो दोष घेऊन आलेली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमध्ये चार तास सुई लावून तिला ते एन्झाइम बाहेरून देतात. ती तिथे नर्सलाही शिकवते, सुई कशी धरायची ते. हसते ती, पण मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते. माझ्या सुनेने दोन वर्षांत हसणंच कमी केलंय.

आणि मग धाकटा झाला. जन्माच्या वेळी साडेतीन किलो, आवाज माझ्यावर गेलेला. आता प्रश्न एकच होता, घरात प्रत्येकाच्या ओठावर आणि कुणीच न उच्चारलेला. याच्यातही ती कात्री नाही का? चारातून एक, एवढी शक्यता डॉक्टरांनी सांगितली होती. असं कानावर पडलं की माणूस चारातला तो एकच धरून बसतो. त्यात आणखी एक घाई होती. नव्या जन्मलेल्या बाळांना पहिल्याच महिन्यात औषध सुरू केलं तर हाडं वाचतात का, असा एक अभ्यास हॉस्पिटलमध्ये चालू होता आणि त्याची यादी त्या शुक्रवारी बंद होणार होती. आजार असला तर धाकट्याचं नाव त्या यादीत जायला हवं होतं. नसला तर विनाकारण कोवळ्या पोराच्या शिरेत सुई नको होती.

वहिनीने पहिल्याच दिवशी हात जोडले. "मी नाही मोजणार. आपल्या माणसाचं रक्त आपण मोजायचं नाही, हा आमचा नियम आहे. कार्डावर नाव नसतं, फक्त नंबर. तो नंबर मला सांगू नका, मी विचारणार नाही. बाकीच्यांसारखंच कुरिअरने येऊ दे."

"अगं, घरातली माणसं आपण!"

"म्हणूनच, वन्सं."

सोमवारी दुपारी दोनला नर्स घरी आली. बाळाच्या टाचेला टोचून जाड टिपकागदाच्या कार्डावर चार ठिपके घेतले. जाताना तिने मला नीट सांगितलं, हो, नीट सांगितलं, तिला दोष नाही. "हे सपाट ठेवा. सावलीत, वाऱ्यावर, चार तास वाळू द्या. ऊन नाही, हीटर नाही. मग पाकिटात घाला. आज जमलं नाही तर उद्या पाठवा, काही बिघडत नाही." मुलगा कामावर होता, सून बाळाला घेऊन पडली होती. कार्ड माझ्या ताब्यात. कुरिअरची खिडकी चारला बंद होते.

तीनला मी ठिपक्यांना बघितलं. ओले. सव्वातीनला बघितलं. मधोमध अजून ओलसर. उद्या पाठवायचं म्हणजे उद्याचा दिवस गेला, निकाल गुरुवारऐवजी शुक्रवारी, आणि शुक्रवारी यादी बंद! मी कार्ड घेतलं, पळत दुकानात आले. आणि तीस वर्षं ओल्या शिवणीला जे करत आले तेच केलं. इस्त्री मंद केली, कार्डावर कोरडं जाडं फडकं घातलं आणि वरून हलक्या हाताने फिरवली. दाबलीसुद्धा नाही नीट! दोन मिनिटांत ठिपके खडखडीत वाळले. पावणेचारला पाकीट कुरिअरच्या खिडकीत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो नवरा म्हणजे मी. पण त्या वेळी मला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका. हीटर लावायचा नाही म्हणाली होती नर्स. इस्त्रीचं नाव कुठे काढलं होतं?

गुरुवारी प्रयोगशाळेत काय घडलं ते मला वहिनीच्या जोडीदारणीने नंतर सांगितलं. ही जोडीदारीण वीस वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीवर आहे आणि त्या दिवशीची प्लेट तिनेच लावली होती. अकरा बाळांची कार्डं होती. मशीनमधून आकडे आले. दहा बाळं ठीक. अकराव्याची कात्री शून्य.

साहेब मागे उभेच होते. त्या नंबरासाठी डॉक्टरांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. ते म्हणाले, "मोठ्या बहिणीला हाच आजार आहे असं फॉर्मवर लिहिलंय. शून्य आलंय. आणखी काय हवं? सही करा, यादी उद्या बंद होतेय, बाळाचं भलं होईल."

निकालाच्या कागदावर शेवटची सही वहिनीची असते. तिने कागद हातात घेतला आणि खालची ओळ वाचली. "साहेब, याची दुसरी कात्रीसुद्धा शून्य आहे."

"कमी असेल."

"कमी नाही, शून्य. या कार्डावर विश्वास ठेवला तर हे बाळ जिवंतच नाही. आणि फॉर्मवर वजन साडेतीन किलो लिहिलंय. मी सही करणार नाही."

"बाई, एक दिवस गेला तर यादी जाईल. जबाबदारी कुणाची?"

"माझी. यादीला एक दिवस वाढवून मागा, मी पत्र लिहून देते. पण निरोगी पोराला या कागदाने आजारी केलं तर त्याला कुठून दिवस वाढवून आणायचा? तुम्हाला घाईच असेल तर खाली तुमची सही करा, साहेब. पेन देते."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी पेन घेतलं नाही. डॉक्टरांना स्वतः फोन लावला, नमुना खराब निघालाय, दुसरा पाठवा म्हणून, आणि यादीवाल्यांना दुसरा.

त्यानंतर वहिनीने ते अकरावं कार्ड भिंगाखाली धरलं. का बिघडलं ते कळल्याशिवाय ती उठतच नाही. ठिपक्यांचा रंग करपट होता. आणि कागदावर, अगदी पुसट, उभ्या-आडव्या रेघा होत्या. कापडाची वीण. कुणीतरी कार्डावर फडकं घालून वरून इस्त्री फिरवली होती. फडकं घालून इस्त्री करण्याइतकं शहाणपण असणारी आणि रक्ताच्या कार्डाला इस्त्री करण्याइतकं नसणारी माणसं या जगात कितीशी असणार? जोडीदारीण म्हणाली, वहिनीने भिंग खाली ठेवलं. मग एक पेलाभर पाणी प्यायली. "काय झालं?" तर म्हणे काही नाही.

इकडे घरी डॉक्टरांचा फोन आला होता. "नमुना खराब आहे, परत द्या." एवढंच. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "काहीतरी सापडलंय, आई. खात्री करायला परत मागतायत. सरळ सांगत नाहीत." मुलगा भिंतीला टेकून उभा. आणि मी? मी तोंड सोडलं. काय ती प्रयोगशाळा, काय ते लोक, एवढंसं कार्ड सांभाळता येत नाही, नाचता येईना अंगण वाकडं! बोलता बोलता मी तरातरा दुकानात आले, कारण घरात सुनेकडे बघवत नव्हतं.

अर्ध्या तासाने वहिनी दारात. कामाच्या वेळेत ती कधी बाहेर पडत नाही. पायऱ्या चढून आली, डुगडुगत्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वन्सं, इस्त्रीचा काटा कशावर होता? रेशीम की सुती?"

खाई त्याला खवखवे. मी म्हटलं, "कसली इस्त्री?" आणि म्हणताना माझी नजर आपोआप इस्त्रीकडे गेली.

"रेशीम," मी म्हटलं. "मंद होती गं. अगदी मंद."

"रेशमाला मंद, वन्सं. एन्झाइमला तेवढ्यात मरण. अंड्याचं पांढरं कसं होतं तव्यावर, तसं झालं ते."

मग मला समजलं. एकदम समजलं. या बाईने आज सही केली असती, कुणालाही काही चूक दिसली नसती, आणि माझ्या नातवाला मी स्वतःच्या हाताने आजारी करून ठेवलं असतं. चांगलं पोर! आयुष्यभर! मी मटकन खाली बसले, बेतलेल्या कापडावरच बसले. रडले. मी सहसा रडत नाही, मला ओरडायला येतं, पण त्या दिवशी ओरडायला कुणी उरलंच नव्हतं. वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

"त्याला आजार नाही ना गं मग?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुमच्या कार्डावरून काहीच कळत नाही, हेही नाही आणि तेही नाही. उद्या दुसरं घ्या."

एवढं सांत्वन करतानासुद्धा खोटं बोलली नाही, बघा.

"सुनेला सांगू नकोस," मी म्हटलं.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगणार."

आणि मी सांगितलं. कसं ते विचारू नका. मला वाटलं आता सून बोलेल, बोलू दे, दोन द्यायच्या तर देऊ दे. ती म्हणाली, "आई, दोन तास मी इथे बसून त्याच्या हाडांचा विचार करतेय." तेवढंच. मग म्हणाली, "उद्या नर्स टोचेल तेव्हा त्याला तुम्ही धरायचं. मला परत ते रडणं ऐकवणार नाही." मी धरलं. ती शिक्षा मला कमीच होती.

दुसरं कार्ड मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सपाट ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून चार तास बसले. हात मांडीखाली दाबून! मुलगा पाणी प्यायला आला तरी मी खेकसले, "वारा घालू नकोस!" मास्तरीण माझ्या शेजारी बसली होती. दर दहा मिनिटांनी ती घड्याळ बघून सांगायची, "अजून नाही, आजी." तिच्या डोळ्यांना डोळा देणं मला जड जात होतं. पाकीट मात्र सूनच घेऊन गेली. माझ्यावर भरवसा परत यायला वेळ लागणार होता, आणि ते बरोबरच होतं.

यादीने तीन दिवस वाढवून दिले होते. शनिवार, रविवार कसे गेले ते माझं मला माहीत. तीन कुर्ते उलटे शिवले. सोमवारी अकराला मुलाच्या फोनवर डॉक्टर बोलले. त्याने फोन कानाला लावला, ऐकलं, आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला. सून किंचाळली. तो हसत होता. हसतच रडत होता. "निम्मी आहे," तो म्हणाला. "निम्मी कात्री आहे. दोघांपैकी एकाचा दोष घेऊन आलाय, पण निम्मी पुरते म्हणाले. आजार नाही. यादीतून नाव काढलं." माझा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी मास्तरीण हट्टाला पेटली. "मला बघायचंय. आकडा नको. निळं बघायचंय." मी वहिनीला फोन केला, तिने साहेबांना विचारलं, आणि आम्ही दोघी गेलो. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल ठेवलं. टेबलावर एकही वस्तू तिरकी नाही. नळ्या कशा धुतल्यात ते बघितलं मी. वहिनीला म्हटलंही, "चांगल्या धुतेस." ती हसली.

जोडीदारणीने पडदे ओढले, दिवा लावला आणि कप्प्यातून ती प्लेट काढली; तिनेच लावलेली, आणि सही साहेबांची, कारण नंबर कुणाचा ते आता वहिनीला कळलं होतं. पहिल्या ओळीत फिक्यापासून गडदपर्यंत निळे खळगे. "ही आमची मोजपट्टी," वहिनी म्हणाली. मग तिने बोट ठेवलं. "हा तुझा भाऊ." चांगला निळा होता. खूप नाही, पण निळा, स्वच्छ. मी तोंडावर पदर दाबला. आणि त्याच्या अगदी शेजारचा खळगा काळा होता.

मास्तरीण त्याच्याकडे बघत होती. "हा कुणाचा?"

मी घाईने म्हटलं, "तो रिकामा असेल गं, तो..."

"रिकामा नाही," वहिनी म्हणाली. "तो तुझा. दोन वर्षांपूर्वीचं तुझं रक्त, औषध सुरू व्हायच्या आधीचं. आम्ही जपून ठेवलं होतं."

त्या क्षणी मला वहिनीचा इतका राग आला! लेकराला खोटं सांगता येत नाही का एकदा? मास्तरीण आणखी वाकली. नाक जवळजवळ प्लेटला लागलं. "मुळीच नाही यात? थोडंसुद्धा?"

"मुळीच नाही."

"मग इथे ठेवलं कशाला?"

"कारण खरा अंधार कसा दिसतो ते शेजारी असल्याशिवाय तुझ्या भावाचं निळं खरं की खोटं हे कळत नाही. त्याला मोजायला तू लागलीस."

येताना मास्तरणीने वाटेत कुणाचीच चूक काढली नाही. हा चमत्कार माझ्या आठवणीत पहिलाच, आणि मला तो सोसत नव्हता. मी दोनदा विचारलं, पाय दुखतात का, तर नुसती मान हलवली. मनात म्हटलं, वहिनीला आज घरी येऊ दे, तिला मी दाखवतेच.

घरी आल्या आल्या ती चपलाही न काढता बाळाच्या खाटेशी गेली. आखडलेल्या बोटांनी तिने कठडा धरला आणि धाकट्याला, तो झोपलेला असताना, वर्गात सांगावं तसं सांगितलं, "ऐक. तुझा दिवा लागला. माझा नाही लागला. पण मी तुझ्या शेजारीच होते, म्हणून त्यांना कळलं. मोठा झालास की कुणी विचारलं तर सांग, ताई होती म्हणून."

सून दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, आणि बाळाकडे न जाता आधी तिने थोरलीला चपलांसकट उचलून घेतलं.